घेतानाचा की देतानाचा?

परदेशी जायचं ठरलं, की पासपोर्ट, व्हिसा आणि रेटचाचा यांतलं काहीच चुकत नाही. पहिल्या दोघांसाठी आपल्याला रांगेत उभं राहावं लागतं, तिसरा आपण होऊन घरी येतो. तुमच्याकडे त्यांचं नाव चाचा नसेल. दादा असेल, सोसायटीतले निवृत्त काका असतील. ‘विमानतळावर पैसे बदलू नका हं’ हे वाक्य तुम्ही ज्यांच्या तोंडून ऐकलंय आणि ऐकून हो हो म्हणालाय, तेच हे.

आमचे चाचा तुडीलचे. महाडहून म्हाप्रळकडे जाणारा रस्ता सावित्रीच्या खाडीची सोबत धरून जातो, तो सगळा खाडीपट्टा. या पट्ट्यातल्या माणसाला परदेशाचं अप्रूप नाही. आज्या-पणज्यांनी बोटींवर खलाशीपणा केला, कुणी केपटाऊन गाठलं, पुढच्यांनी मस्कत, कुवेत, दुबई. महाडहून एसटीने घरी येताना जेवढी हाडं खिळखिळी होतात, तेवढी मुंबई-मस्कत विमानात होत नाहीत, हे इथलं पोरगंही सांगेल. चाचांनी उमेदीची सगळी वर्षं ओमानमध्ये काढली. गाडी चालवली, गोदाम सांभाळलं आणि एक दिवस कायमचे परत आले. येताना बाकीच्यांनी कंबल आणली, टेपरेकॉर्डर आणले, अत्तरं आणली. चाचांनी रेट आणला.

रेट एकटा कधी नसतो, असं चाचांचं म्हणणं. तो जोडीने असतो, एक घेतानाचा आणि एक देतानाचा. जो एकच सांगतो तो अडाणी, नाहीतर चोर. चलनापुरतं हे बरोबरच आहे आणि तेवढ्यावर थांबले असते तर मला हे लिहावं लागलं नसतं. पण चाचांनी हा नियम सगळ्या सृष्टीला लावला.

दारात मासळीवाली आली. “बांगडा शंभरला पाच.”

“हा देतानाचा. घेतानाचा काय?”

“म्हंजी?”

“म्हंजी हे पाच मी तुला परत दिले, तर तू मला किती देशील?”

त्या माउलीने जे उत्तर दिलं ते इथे छापता येणार नाही, पण त्यात आकडा नव्हता एवढं नक्की.

चक्कर आली म्हणून मुलाने त्यांना महाडला डॉक्टरांकडे नेलं. मीही बरोबर होतो. डॉक्टर तरुण, नवे. पट्टा सोडत म्हणाले, “चाचा, वरचं एकशे साठ, खालचं शंभर.” चाचा ताडकन उठून बसले. “साठचा फरक? डॉक्टर, हा तर विमानतळाचा रेट झाला. बाहेर कितीला पडेल?” डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि गोळी वाढवून दिली.

टीव्हीवर हवामान लागलं की त्यांना कमाल आणि किमान दोन्ही पाहिजे. ऐकून झालं की वजाबाकी करून ‘आज फरक जास्त हाय’ म्हणतात, जणू मधले अंश कुणीतरी खाल्ले. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून अंगणात उभा राहिला. चाचांनी त्याला पाणी दिलं, बसवलं आणि म्हणाले, “मत घ्यायला तू दारात आलास, चांगलं झालं. आता देताना आमी कुठल्या खिडकीवर उभं राहायचं, तेवढं सांगून जा.” सगळ्या प्रचारात त्या उमेदवाराला पडलेला हा एकच अवघड प्रश्न असावा. तो निवडून आला. खिडकी अजून कळलेली नाही.

चाचांचा खरा वैरी मात्र विमानतळावरचा काउंटर. पहिल्यांदा निघालेल्या पोराला ते ओट्यावर बसवून जे सांगतात ते सगळ्या गावाला पाठ आहे. “उतरलास, शिक्का मारून घेतलास, सामान उचललंस. आता बाहेर पडताना काचेची एक खोली येईल. आत झगमगाट असंल, पाटीवर झेंडे असतील, आकडे असतील. मान खाली घाल. वाचायचं नाय. वाचलंस की थांबशील, थांबलास की गेलास.” पाटीवर दोन रकाने असतात, ते काउंटरवाल्याच्या बाजूने लिहिलेले असतात. त्याचं घेणं ते आपलं देणं, हे झोपेतून उठलेल्या माणसाला चटकन उमगत नाही आणि बरीचशी विमानं नेमकी अशाच वेळेला उतरतात. मोक्याच्या त्या जागेचं भाडं कोण भरतं? “तूच.” आणि ‘कमिशन नाही’ अशी पाटी असली तर? “हुंडा नको, फक्त पोराला गाडी लागते म्हणणारा सासरा असतो ना, तो.”

माझा मेहुणा बँकॉकला जाऊन आला. चाचांनी आधी बजावलं होतं. त्याने ऐकलं नाही, वर पावती जपून आणली. चाचांनी त्या पावतीचा पंचनामा आमच्या पडवीत केला. चष्मा, कागद, शिसपेन्सिल, मध्ये चहा दोनदा. इथून निघताना मुंबईच्या विमानतळावर रुपयाचे डॉलर केले, तिथे उतरून डॉलरचे बात केले आणि येताना उरलेले बात दिले त्याचे पुन्हा रुपये. “तीनदा कापलं,” चाचा म्हणाले. “तीनदा कापून रक्त कसं नाय आलं तुला?” मेहुणा म्हणाला, जाऊ दे चाचा, मजा आली. ‘मजा’चा घेतानाचा रेट चाचांनी विचारला नाही, कारण आमची बहीण स्वयंपाकघरातून ऐकत होती.

त्यांचा सल्ला खोटा नसतो, हीच पंचाईत. थोडी रोकड मुंबईत, चार परवानाधारक दुकानांत भाव विचारून बदला. बाकीची तिथल्या एटीएममधून तिथल्याच चलनात काढा. मशीन मध्येच लाडात येऊन विचारतं, तुमच्या खात्यातून थेट रुपयांत कापू का? तिथे ‘नाही’ दाबायचं, कारण रुपयांचा तो रेट मशीनवाल्याने स्वतः ठरवलेला असतो. “परक्या मुलखात कुणी आपल्या भाषेत गोड बोलायला लागला, की आधी पाकीट चाचपायचं,” चाचा म्हणतात. हे सगळं ते एकदाच सांगून गेले असते तर लोकांनी पाया पडून ऐकलं असतं. पण ते मयतीला आलेल्या पाहुण्यालासुद्धा सांगतात.

रेट का बदलतो, हेही त्यांना विचारू नये. संध्याकाळची एसटी चुकते. दिरहॅम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला, सौदी रियाल १९८६ पासून ३.७५ वर. ते जागचे हलत नाहीत. “मग हलतो कोण?” असं विचारून चाचा खिशातून दहाची नोट काढतात आणि वर्गात कॉपी पकडल्यासारखी सगळ्यांना दाखवतात. २०१३ च्या ऑगस्टमध्ये डॉलर ६८ रुपयांच्या वर गेला तेव्हा टीव्हीवर तज्ज्ञ कपाळाला हात लावून बसले होते. आमच्या पट्ट्यात त्याच महिन्यात गवंडी मिळेना. रुपया पडला की इकडे स्लॅब पडतो, हे अर्थशास्त्र दिल्लीत शिकवत नसावेत. चाचा चारचौघांत हळहळून म्हणायचे, देशासाठी वाईट झालं हो. आणि कोपऱ्यात जाऊन कुवेतच्या जावयाला फोन लावायचे, “पाठव, आजच पाठव, उद्या सुधारला तर काय करशील?”

खरं तर त्यांचे वडील बोटीवर होते तेव्हा ही भानगडच नव्हती. बहरीन, कुवेत, दुबई, मस्कत, कुठेही उतरा, बाजारात आपलाच रुपया चालायचा. खिशातून नोट काढायची आणि चहा प्यायचा. पण सोन्याच्या चोरट्या व्यापारात रुपया तिकडे जायचा, तिथल्या बँकांतून परत यायचा आणि आपल्या गंगाजळीतलं परकीय चलन घेऊन जायचा. म्हणून रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी निराळ्या रंगांच्या नोटा काढल्या, हज यात्रेसाठी आणखी निराळ्या. कुवेतने १९६१ मध्ये आपला दिनार काढला, बहरीनने १९६५ मध्ये. ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं, पावणेपाच रुपयांचा डॉलर एका दिवसात साडेसातला गेला, आणि उरल्यासुरल्यांनीही काडीमोड घेतला. ओमानने तेवढा १९७० पर्यंत धीर धरला. चाचांच्या मते जगातले सगळे काउंटर त्या एका जून महिन्यातून निघाले. वडील हजहून आले तेव्हा एक हज नोट खिशात उरली होती. ती त्यांनी मुंबईला बँकेत देऊन दहाचे दहा घेतले. आज तसली नोट हौशी लोक लाखांत घेतात, असं मी एकदा सांगितलं. मला वाटलं चाचा ओरडतील. ते म्हणाले, “दहा दिले, दहा घेतले. मास्तर, असा रेट मला जन्मात मिळाला नाय.”

एवढ्यावर हे व्यक्तिचित्र संपवायचं होतं. पण गावात राहायचं तर पाकिटाबद्दल लिहिणं भाग आहे, नाहीतर निम्म्या घरांत चहा मिळायचा नाही.

तुडीलमधून कुणीही पोरगा पहिल्यांदा परदेशी निघाला, की आदल्या रात्री चाचा येतात, भाषण करतात आणि उठताना त्याच्या हातात एक जुनं लग्नपत्रिकेचं पाकीट देतात. आत तो जिथे उतरणार तिथल्या बारीक नोटा. पन्नास दिरहॅम, तेही पाच-दहांचे, किंवा ओमानचे पाच रियाल आणि काही बैसा. चाचा त्याला ‘पहिल्या रातीचे’ म्हणतात. कंपनीचा माणूस घ्यायला आला नाही, फोन लागला नाही, तर पाणी, टॅक्सी आणि एक वेळचं खाणं निघावं एवढे. जास्त नाही. सुट्टीवर येणाऱ्याने खिशातली उरलेली चिल्लर चाचांकडे टाकायची आणि निघणाऱ्याने न्यायची, असं ते चालतं. सगळं एका शंभरपानी वहीत आहे. नाव, तारीख, देश, कोणत्या नोटा. फेडायचं तेही त्याच चलनात, तेवढंच. पाच रियाल नेले, पाच रियाल आणा. मधल्या वर्षांत रियाल कुठे गेला आणि रुपया कुठे गेला, याच्याशी वहीचा संबंध नाही. मी एकदा मुद्दाम खवचटपणे विचारलं, “चाचा, वहीत घेतानाचा रेट कुठला आणि देतानाचा कुठला?” त्यांनी वही मिटली. “तुमाला शाळेत वेळ बरा मिळतो, मास्तर.”

हे त्यांनी का सुरू केलं याच्या गावात तीन कहाण्या आहेत. एका कहाणीत ते पहिल्यांदा मस्कतला उतरले तेव्हा न्यायला कुणी आलंच नाही, खिशात फक्त भारतीय नोटा, त्या कुणी घेईना, आणि एका मलबाऱ्याने अर्धा रियाल हातावर ठेवला. दुसरीत उतरलेले चाचा नव्हते, त्यांचे मामू होते. तिसरी चाचांच्या थोरल्या भावाची आहे आणि ती फार वाईट आहे. चाचांना विचारलं तर ते आज डॉलर कितीला आहे ते सांगतात.

घरात डबाभर नाणी आहेत ती वेगळीच. फिल्स, हलाला, बैसा, पेन्स. परदेशी नोटा घरात दोन हजार डॉलरच्या मोलापर्यंतच ठेवता येतात, नाण्यांना मात्र मर्यादा नाही. चाचांना हा नियम फार आवडतो. “कायद्यालासुद्धा ठाऊक हाय, नाणी कुणी परत घेत नाय.”

२०२१ च्या जुलैत महाड बुडालं. बावीस तारखेला रात्री आमच्या बाजारपेठेतल्या घरात पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांपर्यंत पाणी होतं. ओसरल्यावर गुडघाभर चिखल, वीज नाही, फोन नाहीत, एटीएमच्या मशीनमधून गाळ वाहत होता. माझ्या खात्यात पगार होता, मोबाइलमध्ये पैसे पाठवायची सोय होती आणि मेणबत्त्यांचा पुडा घ्यायला खिशात सुटे नव्हते. रस्ता कसाबसा मोकळा झाला तसे एका टेम्पोच्या मागे बसून चाचा आले. लुंगी गुडघ्यावर, काखेत प्लास्टिकमध्ये बांधलेलं पुडकं. ओळखीच्या प्रत्येक दारात थांबून ते एकेक लग्नपत्रिकेचं पाकीट देत होते. आत दहा-वीस-पन्नासच्या नोटा, सगळ्या भारतीय. मी म्हटलं, चाचा, हे काय? ते चिखलातून पाय उपटत म्हणाले, “महाड आज परदेश समजा मास्तर. उतरल्यावर लोकल कॅश पायजे.” आणि पुढच्या दाराकडे गेले.

मी गहिवरलो होतो, पण दिवाळीत ते वही घेऊन आले. “तुमचे सहाशे. पन्नासच्या चार, वीसच्या दहा, दहाच्या वीस.” मी पाचशेची आणि शंभरची काढून दिली. ती त्यांनी परत केली. जशा नेल्या तशाच पाहिजे होत्या. एवढ्या दहाच्या नोटा जमवायला मला किराणा दुकानदाराची मनधरणी करावी लागली आणि गहिवर ओसरला.

अलीकडे त्यांचा धंदा बसला आहे. पोरं आता कार्ड घेऊन जातात, नोकरी देणारी कंपनी गाडीचा नंबर आधीच मोबाइलवर पाठवते. एक पोरगा शिकायला लंडनला निघाला, त्याला चाचांनी वीस पौंडांची नोट दिली. तो म्हणाला, “चाचा, तिथल्या बसमध्ये २०१४ पासून कॅश घेतच नाहीत.” शिवाय नोट कागदी होती. ती २०२२ च्या सप्टेंबरअखेर व्यवहारातून बाद झालेली. पोराने हसून परत दिली. चाचा रात्रभर झोपले नसावेत, कारण सकाळी सहाला ते माझ्या दारात होते. बँक ऑफ इंग्लंड आपली कितीही जुनी नोट पूर्ण किमतीला बदलून देते, हे त्यांनी कुणाला तरी फोन करून खात्री करून घेतलं होतं. “वीसला वीस, मास्तर! मुदत नाय, कमिशन नाय!” त्या आनंदात त्यांनी नोट पुन्हा त्या पोराच्या गळ्यात मारली आणि बँकेचा पत्ता लिहून दिला. पोरगा गेला की नाही, वहीत अजून नोंद नाही.

गेल्या हिवाळ्यात मुलीने त्यांना दुबईला बोलावलं. ओमान सोडल्यानंतर चाचा पहिल्यांदाच विमानात बसणार होते. गावाने सूड उगवायचं ठरवलं. आदल्या रात्री जो तो येऊन त्यांच्या ओट्यावर बसला आणि म्हणाला, चाचा, काचेची खोली येईल, मान खाली. माझ्या मेहुण्याने त्यांना पाकीट दिलं, आत दहा बात. चाचांनी सगळ्यांना शिव्या घातल्या आणि बात वहीत जमा केले.

पंधरवड्याने परतले ते जरा मुके होऊन. नातीने बोट धरून फिरवलं, मेट्रोत कार्ड टेकवलं, हॉटेलात फोन टेकवला, दुकानात घड्याळ टेकवलं. विमानतळाच्या ड्यूटी फ्रीमध्ये २०१९ पासून भारतीय रुपयेही घेतात, तेही त्यांना तिनेच सांगितलं. “एक नोट हातात नाय घेतली कुणी,” ते म्हणाले. एसटीच्या थांब्यावर कुणीतरी विचारलं, चाचा, दिरहॅम कितीला होता? चाचांनी आठवून बघितलं आणि मान हलवली. त्यांना रेट ठाऊक नाही, हे तुडीलमध्ये त्या दिवशी पहिल्यांदा घडलं. लोक चपापले. एकाने घाईघाईने पावसाचा विषय काढला, डिसेंबरात.

मग चाचांनी बंडीच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढला.

“उतरलो तेव्हा काचेची खोली होती. आत एक मलबारी पोरगा, एकटाच. समोरून सगळं विमान निघून गेलं, एक माणूस थांबला नाय. पोरगा नुसता पाटीचे आकडे बदलीत बसलेला.”

“मग?”

“मग काय. गेलो नि पाच हजार बदलले.”

थांब्यावर शांतता पसरली. मेहुणा उभा राहिला. त्याने ती पावती ओढूनच घेतली, चष्मा लावला आणि माझ्या खिशातलं पेन काढून वजाबाकीला बसला.

“चाचा, तेवीसचा दिरहॅम सव्वीसला घेतलात?”

“सव्वीसला,” चाचा म्हणाले. “आणि परत द्यायला गेलो असतो तर वीस देणार होता. विचारून घेतलं मी. सहाचा फरक! लुटलं रं, दिवसाढवळ्या लुटलं मला!” आणि म्हाप्रळकडून नुकत्याच आलेल्या गाडीतून उतरणाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ते पहिल्यापासून सांगू लागले.